दुखण्याच्या शाळेतली चोरी

१

चाळणीबाईंनी चहाचा पहिला घोट घेतला न घेतला, तोच वरच्या मजल्यावरून हेड सिस्टरचा आवाज आला.

"कपाट रिकामं आहे! अहो, सगळ्याच्या सगळ्या गेल्या!"

झालं! चहा राहिला बाजूला. समोर बसलेल्या मोठ्या डॉक्टरीणबाई तीरासारख्या जिन्याकडे धावल्या आणि त्यांच्यामागे चाळणीबाई, उजवा हात पोटाशी धरून. त्यांचा उजवा खांदा गेले कित्येक महिने संपावर होता. घरी कुणाला सांगावं तर उत्तर ठरलेलं, "वय झालं आता."

चाळणीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. आरोग्य खात्यात त्यांच्या पाठीमागे सगळे तसं म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते मनातून आवडायचं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या कामात खडा म्हणून राहत नसे. आज खात्याने त्यांना पाठवलं होतं ते या इस्पितळाच्या मागच्या इमारतीत. इथे सरकारी निधीतून डॉक्टरांना आणि नर्सना एकच गोष्ट शिकवत. माणसाचं दुखणं ओळखायचं कसं आणि थांबवायचं कसं. सगळं इस्पितळ या जागेला 'दुखण्याची शाळा' म्हणायचं, कुणी मायेने, कुणी नाक मुरडून. शाळेचा निधी पुढे चालू ठेवायचा की बंद करायचा, हे संध्याकाळपर्यंत चाळणीबाईंनी साहेबांना फोनवर सांगायचं होतं. आणि नेमक्या आजच्या मुहूर्तावर ही भानगड!

सरावाच्या खोलीत खाटांवर रबरी पेशंट पडून होते. भिंतीतलं काचेचं कपाट सताड उघडं होतं. वरच्या फळीवरची लेबलं तेवढी जागेवर होती: मॉर्फिन. फळी मात्र साफ.

"सुट्टीच्या आधी मी स्वतः कपाट भरून गेले होते," हेड सिस्टर म्हणाली. बाई चांगली धिप्पाड, आवाज त्याहून धिप्पाड. पण आता तो पार खाली आला होता. "आज शाळा उघडली आणि बघते तर हे."

चाळणीबाईंनी कुलूप हातात घेतलं. कुठे ओरखडा नाही. "किल्ली कुणाकडे असते?"

"इथेच असते." सिस्टरने दारामागच्या खिळ्याकडे बोट केलं.

"मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली खिळ्याला?" चाळणीबाईंचा आवाज चढला. "शुद्धीवर आहात का? हे एवढं बाहेर आलं तर निधी सोडाच, तुमच्या शाळेला उद्या सकाळी टाळं लागेल!"

शाळेच्या प्रमुख, मोठ्या डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या. त्यांनी उभी हयात या शाळेसाठी घालवली होती. त्या काही बोलणार, तोच सिस्टरने दार लोटून घेतलं आणि ती चाळणीबाईंच्या कानाशी वाकली.

"बाई, एक सांगू? त्यात मॉर्फिन नव्हतंच. नुसतं पाणी होतं."

२

"पाणी?"

"सलाइनचं पाणी. खरं औषध खाली तिजोरीत आहे, दोन किल्ल्यांत. ते जसंच्या तसं आहे, मी आधी तेच बघून आले."

चाळणीबाईंनी हातातलं कुलूप खाली ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी मग सगळं उलगडून सांगितलं. सरावाच्या कुप्या मुद्दामच हुबेहूब खऱ्यासारख्या करून घेतल्या होत्या. लेबल तेच, रंग तोच. हात खऱ्यासारख्याच कुपीला सरावायला हवा, असं त्यांचं म्हणणं.

"आणि हे शिकणाऱ्यांना माहीत असतं?"

आता सिस्टरच्या चेहऱ्यावर जरा रक्त आलं. "प्रत्येकाला! पहिल्या दिवशी पहिल्या तासाला मी वर्गासमोर कुपी फोडते, सिरिंजमध्ये भरते आणि सरळ स्वतःच्या तोंडात सोडते. गट्! मग बघा एकेकाचे चेहरे. मागे एक डॉक्टर तर 'स्ट्रेचर आणा' म्हणून ओरडत बाहेर पळाला होता. मग मी सांगते, बाळांनो, पाणी आहे. आणि तिथेच सगळ्यांकडून वचन घेते, बाहेर बोलायचं नाही, पुढच्या तुकडीची मजा जाईल. आजवर एकानेही मोडलेलं नाही."

"म्हणजे जो एकदा वर्गात बसला, तो हे विसरणं शक्य नाही."

"जन्मात नाही."

चाळणीबाई येरझाऱ्या घालू लागल्या. पाणी कोण चोरेल? विकणाऱ्याला उपयोग नाही, व्यसनी माणसाला उपयोग नाही. की नेमका तपासणीच्या दिवशी बोभाटा व्हावा, म्हणून कुणी शाळेच्या मुळावर उठलंय? हे त्यांना जास्त पटण्यासारखं वाटलं.

"सुट्टीत इथे कोण आलं होतं?"

"खोली बंद होती. तिघांनीच माझ्याकडून खोलीची चावी नेली," सिस्टर म्हणाली. "हाडांचे सर्जन, भूल देणारी डॉक्टर पोरगी आणि नाक्यावरच्या सरकारी दवाखान्याचे डॉक्टर."

"तिघांना बोलवा. कपाटातल्या कुप्या गेल्या, एवढंच सांगायचं. पाण्याचा प बाहेर पडता कामा नये."

सिस्टर दाराशी घुटमळली. "बाई, त्यातल्या सर्जनना जरा सांभाळून हं. त्यांना आमची शाळा डोळ्यासमोर नको असते. ही खोली त्यांना वॉर्डासाठी हवी आहे."

३

सर्जन आले ते वादळासारखे. इस्पितळात त्यांना 'सुतार' म्हणत. हातोडी, करवत, खिळे, सगळं त्यांच्या कामाचं. बसायच्या आधीच त्यांचा पट्टा सुरू झाला.

"चोरी? होणारच! सरकार इथे रबरी बाहुल्यांवर पैसा उधळतं, आणि माझ्या वॉर्डातल्या खाटा डुगडुगतात. ऑपरेशन केलं की दुखतंच. त्यात शिकायचं काय डोंबल?"

"तुम्ही ह्या शाळेत कधी शिकलात?"

"मी?" सर्जन गडगडाटी हसले. "माझे केस पिकले ते काय उन्हाने?"

"मग सुट्टीत सरावाच्या खोलीत काय करत होतात?"

हसणं एकदम आटलं. "मोजमापं घेत होतो. खोली मलाच मिळणार आहे ना उद्या."

चाळणीबाईंनी पाण्याचा पेला घ्यायला हात लांब केला आणि अर्ध्या वाटेतच ओठ आवळले. मग डावा हात पुढे केला. सर्जनच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"खांदा कधीपासून?"

"अं? असेल वर्षभर."

"रात्री त्या कुशीवर झोपता येतं का? केस विंचरताना हात वर जातो? नेमकं कुठे दुखतं, बोटाने दाखवा. आणि दहापैकी किती म्हणाल?"

चाळणीबाईंनी बोटाने दाखवलं. त्या नुसत्या बघतच राहिल्या. वर्षभरात एवढं कुणी विचारलंच नव्हतं, नवऱ्याने नाही की डॉक्टरने नाही. "सहा," त्या हळूच म्हणाल्या. "रात्री आठ."

"अंगावर काढू नका. उद्या या माझ्याकडे." सर्जन एकदम भानावर आल्यासारखे उठले आणि पुन्हा गुरगुरले. "आणि एवढा गाजावाजा कशाला लावलाय? चार थेंब पाणी गेलं म्हणून डॉक्टरांच्या उलटतपासण्या! कामं नाहीत वाटतं तुम्हाला."

दार धाडकन बंद झालं. कोपऱ्यात उभी असलेली सिस्टर पांढरीफटक पडली होती.

"बाई," ती कुजबुजली, "पाणी आहे हे ह्यांना कसं कळलं? हे तर आमच्या एकाही वर्गाला आलेले नाहीत!"

४

सापडला! चाळणीबाईंच्या अंगात वारं शिरलं. पण चाळणीत घातलेलं सगळं हलवल्याशिवाय हात थांबवायचा नाही, ही त्यांची सवय. उरलेल्या दोघांना बघायलाच हवं होतं.

भूल देणारी डॉक्टर म्हणजे नुकती शिकून बाहेर पडलेली चुणचुणीत मुलगी. सगळे तिला लाडाने 'भूलवाली' म्हणत. कपाटातल्या कुप्या गेल्या असं ऐकलं मात्र, तिने रुमालाने तोंड दाबलं. खांदे गदगदू लागले. चाळणीबाईंना वाटलं, रडते आहे बिचारी. बघतात तर बाईसाहेब हसत होत्या!

"हसायला काय झालं? सरकारी इमारतीत चोरी झालीय!"

"सॉरी, सॉरी." ती डोळे पुसत म्हणाली. "पण तो चोर घरी जाऊन... अगंबाई... नको, मला सांगता येणार नाही. मी सिस्टरना वचन दिलंय."

"कसलं वचन?"

"ते सांगितलं तर वचन कसलं? मी सुट्टीत पाठीच्या कण्यात सुई घालायचा सराव करायला आले होते. रबरी आजोबांना विचारा हवं तर." आणि ती पुन्हा फिसकन हसली.

नाक्यावरचे डॉक्टर त्या मानाने अगदी गरीब स्वभावाचे. मऊ आवाज, चुरगळलेला शर्ट, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. शाळेचं सर्टिफिकेट त्यांच्या दवाखान्यात दर्शनी भिंतीवर लावलेलं होतं आणि अख्ख्या नाक्याला त्यांचा लळा होता.

"फार वाईट झालं हो," ते म्हणाले. "मॉर्फिन म्हणजे जबाबदारीची चीज. शाळेला त्रास नको व्हायला. सुंदर काम करतात इथले लोक. सगळी लेक्चरं उत्तम होती."

"तुम्ही सुट्टीत आला होतात?"

"जरा उजळणी करावी म्हटलं." ते सारखे घड्याळाकडे बघत होते. चाळणीबाईंनी खांदा चोळलेला त्यांना दिसला, तेव्हा अगत्याने म्हणाले, "वयाचं दुखणं ते. बाम चोळा, गरम पिशवी धरा. थोडं सोसायचंच या वयात."

त्यांना निरोप देऊन चाळणीबाई आत वळल्या, पण दार उघडंच होतं आणि त्यांचे कान तिखट होते. बाहेर बोळात डॉक्टरांनी सिस्टरला थांबवलं.

"सिस्टर, मॉर्फिन दिलं की डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते ना हो?"

"होतेच की."

"आणि नाहीच झाली तर? मात्रा वाढवूनही?"

"मग औषध पोहोचलंच नसेल आत," सिस्टर हसून म्हणाली. "पेशंटला घेऊन या ना इथे, डॉक्टरीणबाई बघतील."

"बघतो, बघतो," म्हणत ते जवळजवळ पळतच जिना उतरले.

केवढा कळकळीचा माणूस, असं चाळणीबाईंच्या मनात आलं. त्यांनी सर्जनना परत बोलावलं. या वेळी सिस्टर आणि डॉक्टरीणबाईंना आत घेऊन खोलीला कडी घातली.

५

"सर्जनसाहेब, कुप्यांत पाणी होतं हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. सिस्टरने सांगितलं नव्हतं. मग तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्या धिप्पाड, पिकल्या केसांच्या माणसाचे कान चक्क लाल झाले.

"हळू बोला जरा," ते म्हणाले. "माझी उभ्या इस्पितळात छी थू होईल. मी बसलो होतो ह्यांच्या वर्गात. नर्सांच्या तुकडीत. तोंडाला मास्क लावून, शेवटच्या बाकावर."

"अगं बाई!" सिस्टर किंचाळली. "तो मागे बसणारा उंचपुरा, एकही प्रश्न न विचारणारा, ते तुम्ही होतात?"

"प्रश्न विचारला असता तर आवाज ओळखला नसतात का?" सर्जन खेकसले. मग त्यांनी खुर्ची ओढली. "माझा एक गवंडी पेशंट होता. मांडीचं हाड मी असं काही जोडलं होतं की बघत राहावं. राउंडला त्याला म्हटलं, झकास झालंय. तो म्हणाला, डॉक्टर, हाड जोडलंत, फार उपकार झाले, पण आजची रात्र काढू कशी ते सांगा. मला उत्तर येत नव्हतं हो. एवढी वर्षं सुरी चालवतोय आणि उत्तर येत नव्हतं. सुट्टीत येऊन मज्जातंतू बधिर करायचं इंजेक्शन शिकत होतो. चोरून. आता घाला बेड्या हवं तर."

चाळणीबाई खिडकीशी गेल्या. जो नको तेवढं माहीत असल्याचं दाखवायची चूक करतो तो चोर, असंच आजवर त्यांच्या कामात निघत आलं होतं. पण इथे?

"अहो, हे उलटं आहे!" त्या एकदम ओरडल्या. "सगळं उलटं आहे! पाणी आहे हे ज्याला माहीत आहे, तो ते नेईल कशाला?"

"शाळेची बदनामी करायला," डॉक्टरीणबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. त्यांची नजर सर्जनवर होती.

"मग मॉर्फिन गेलं म्हणून त्यांनी इस्पितळ डोक्यावर घेतलं असतं. हे तर स्वतःच म्हणाले की नुसतं पाणी गेलं. बदनामी करणारा आपल्याच हाताने फुग्याला टाचणी लावेल का? भूलवालीलाही माहीत आहे. चोर घरी जाऊन पाणी टोचत बसेल म्हणून पोरीला हसू आवरेना. आता राहिलं कोण? ज्याने माझ्यासमोर बसून मॉर्फिनची काळजी केली तो!"

"नाक्यावरचे डॉक्टर?" सिस्टर उसळली. "काहीतरीच! ते आमचेच आहेत. सर्टिफिकेट आहे त्यांच्याकडे."

"हजेरी कशी घेता तुम्ही?"

"फाटकातल्या यंत्राला कार्ड टेकवून. तुमच्या खात्याचाच नियम आहे तो. निधी त्यावरच मिळतो."

"कार्ड टेकवलं आणि माणूस मागच्या दाराने निघून गेला तर?"

चाळणीबाईंनी दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला. "सुतारांनी... माफ करा, सर्जननी माझा खांदा बघितला आणि विचारलं, कुठे दुखतं, किती दुखतं, झोप लागते का. तेच तुम्ही इथे शिकवता ना? आणि तुमचे सर्टिफिकेटवाले म्हणाले, सोसा. वर्गात बसलेला कोण आणि न बसलेला कोण, ते तिथेच दिसत होतं. मीच आंधळी."

"पण ते चोरी करणारे नाहीत हो!" सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. "नशा करणारे नाहीत, विकणारे तर मुळीच नाहीत."

"नाहीतच. सिस्टर, ते तुम्हाला बोळात काय विचारत होते?"

"बाहुलीचं. औषध देऊनही बाहुली बारीक होत..." सिस्टर थांबली. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"कुणाची बाहुली?" चाळणीबाईंनी विचारलं. "हा माणूस मॉर्फिन समजून कुणालातरी पाणी टोचतोय. कुणीतरी आत्ता, या क्षणी, तळमळत पडलंय. डॉक्टरीणबाई, तिजोरी उघडा. खरं औषध घ्या. गाडी काढायला सांगा!"

६

दवाखान्याला लागूनच डॉक्टरांचं राहतं घर होतं. दार त्यांनीच उघडलं. डॉक्टरीणबाईंची बॅग बघितली, चाळणीबाईंचा चेहरा बघितला, आणि ते दारातून बाजूला झाले.

"मीच नेलं," ते म्हणाले. "आत माझी ताई आहे. तिनेच वाढवलंय मला. आई गेली तेव्हा मी रांगत होतो. आता तिच्या हाडाहाडांत कॅन्सर पसरलाय. मला बघवेना. मला काय हवी ती शिक्षा द्या, पण औषध तेवढं काढून घेऊ नका. तिला त्याने बरं वाटतंय."

"बरं वाटतंय?" सिस्टर थबकली.

"विचारा ना तिलाच."

आतल्या खोलीत खिडकीजवळच्या पलंगावर ताई पडल्या होत्या. केस नीट बांधलेले, चादर गळ्यापर्यंत ओढलेली, आणि चेहऱ्यावर हसू. सगळे आत आल्या आल्या त्यांनी भावाला फर्मावलं, "बाळ्या, पाहुण्यांना बसायला दे." बोलताना घामाचा एक थेंब त्यांच्या कपाळावरून ओघळला.

"कसं वाटतंय ताई?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छान. सकाळीच इंजेक्शन दिलं ना बाळ्याने. अगदी हलकं वाटतंय."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर आशा उमटली. चाळणीबाई मात्र चकित होऊन सिस्टरकडे बघू लागल्या. पाणी टोचून हलकं कसं वाटेल? सिस्टर ताईंच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती बघत होती चादरीकडे. चादरीखाली दोन मुठी अशा वळलेल्या होत्या की कापडाला पीळ पडला होता.

"डॉक्टर, तुम्ही जरा बाहेर थांबा," सिस्टर म्हणाली. हा आवाज वेगळाच होता. कपाटासमोर ओरडणारी बाई ती हीच, हे खरं वाटलं नसतं.

दार बंद झालं. सिस्टर खाली जमिनीवर बसली, ताईंच्या डोळ्यांच्या रेषेत आली आणि तिने त्या वळलेल्या मुठीवर नुसता हात ठेवला.

"तो बाहेर आहे. त्याला ऐकू जाणार नाही. आता मला सांगा. दहापैकी किती?"

ताईंचं हसू थोडा वेळ टिकलं. मग ओठ वाकडे झाले आणि आवाज न करता त्या रडू लागल्या.

"दहा," त्या म्हणाल्या. "सगळा वेळ दहा. रात्री तोंडात पदर कोंबते. त्याला सांगू नका हो. सुई टोचून झाली की तो असा बघतो माझ्याकडे, लहानपणी शाळेतून पाटी दाखवायला यायचा ना, तसा. नाही लागू पडलं असं कुठल्या तोंडाने सांगू?"

चाळणीबाईंनी तोंड फिरवलं. अनेक चोऱ्या त्यांनी पकडल्या होत्या, पण अशी एकही नाही. डॉक्टरीणबाईंनी ताईंना नीट तपासलं, आधी काय काय दिलं ते विचारलं, आणि मग खरी कुपी फोडली.

७

बाहेरच्या पायरीवर डॉक्टर डोकं धरून बसले होते. चाळणीबाई त्यांच्याशेजारी बसल्या आणि काही आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. कुप्यांत पाणी होतं. ताई खोटं बोलत होत्या.

डॉक्टर आत जायला उठले, पण चाळणीबाईंनी त्यांना पुन्हा खाली बसवलं.

"कोर्सला का नाही बसलात?"

"वाटलं, दुखण्यावर काय शिकवणार? गोळी लिहून द्यायची, झालं. दवाखान्यात गर्दी असायची. कार्ड टेकवायचो आणि परत यायचो." त्यांनी मान वर केली. "मला खरं मॉर्फिन कुणी दिलं असतं का?"

"दिलं असतं. ते सर्टिफिकेट असलेल्या डॉक्टरने शाळेला नुसता फोन करायचा, पेशंट दाखवायचा. डॉक्टरीणबाई स्वतः घरी येतात. दुसऱ्याच दिवशी शिकवतात म्हणे हे. तुम्हाला चोरायची गरजच नव्हती. नुसतं मागायचं होतं."

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. "तेवढे सगळे दिवस ती..."

तेवढ्यात चाळणीबाईंचा फोन वाजला. साहेब होते, आणि स्वर करडा होता. "चोरी झाली म्हणे तिथे? म्हणजे निधी बंदच करायचा ना?"

"बंद? वाढवा!" चाळणीबाई इतक्या जोरात म्हणाल्या की पलीकडच्या गच्चीवर संध्याकाळचे वाळलेले कपडे काढणारी बाई वळून बघू लागली. "साहेब, वर्गात बसलेला माणूस आणि न बसलेला माणूस, यांत काय फरक पडतो ते मी आज डोळ्यांनी बघितलं. निधी चालू ठेवा, पण तो फाटकातल्या कार्डावर नको, बाकावर बसलेल्या माणसावर द्या. आणि एकाचं सर्टिफिकेट रद्द होणार आहे, चौकशीही होणार आहे. मी स्वतः करणार आहे ती." त्यांनी शेजारी बघितलं. डॉक्टरांनी मान हलवली. ते नाही म्हणाले नाहीत.

फोन ठेवला, तोच आतून हाक आली. "बाळ्या!"

मघाच्या त्या बेतलेल्या, सांभाळून काढलेल्या आवाजाची ही हाक नव्हती. ही चांगली खणखणीत होती. डॉक्टर अडखळत आत धावले. ताई कुशीवर वळून पडल्या होत्या. मुठी उघड्या होत्या. पलंगाशी सिस्टर नाक शिंकरत उभी होती आणि डॉक्टरीणबाई नाडी बघत होत्या.

"ताई, मी चोरी केली," डॉक्टर पलंगाशी गुडघे टेकून म्हणाले. "आणि तुला पाणी टोचत राहिलो."

"कळलं मला. ह्यांनी सांगितलं." ताईंनी त्यांच्या केसांत बोटं घातली आणि मग एक टप्पल दिली, लागेल अशी. "गाढव आहेस. जे शिकायला पाठवलं ते शिकायचं नाही, आणि वर चोऱ्या करायच्या! आता ह्या बाईंबरोबर जा, काय शिक्षा असेल ती घे. आणि मग वर्गात जाऊन बस, अगदी पहिल्या बाकावर. नाक्यावर माझ्यासारखे आणखी असतील की नाही?"

"असतील." डॉक्टर हुंदके देत होते. "ताई, तू का नाही गं सांगितलंस?"

"तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलले, बास. आता मला खरंच बरं वाटतंय, तर तू रडत बसलास." ताईंचे डोळे जड होऊ लागले होते. "ऊठ आता. दिवा बंद कर. मला झोपू दे."

डॉक्टरांनी दिवा बंद केला. मागे वळून बघतात, तो ताईंना झोप लागलीसुद्धा होती.